होमगार्डने गिरणेतून तीन पोरं काढली. सरकारी पदकासाठी प्रस्ताव कुठे आणि कसा द्यायचा?

गिरणाकाठची बाई, भडगाव तालुका

राम राम मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाव गिरणेच्या काठावर आहे. प्रश्न आमच्या गावातल्या एका होमगार्डबद्दल आहे. सगळं नीट कळल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या गणपतीत, अनंत चतुर्दशीच्या दुपारी माझ्या शाळेतली तीन पोरं घरचा गणपती घेऊन नदीवर गेली. मोठी माणसं मागून येतच होती. गिरणा धरणातून पाणी सोडलेलं होतं, नदीवरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. त्यात वाळू उपसून उपसून पात्रात असे खड्डे झालेत की घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की माणूस डोक्यापर्यंत आत जातो. मोठा मुलगा मूर्तीसकट गेला. त्याला धरायला बहीण पुढे झाली, तिच्यामागे शेजारचा पोरगा.

आमचे होमगार्ड दादा गणवेश घालून भडगावला विसर्जनाच्या बंदोबस्ताला निघाले होते. आरडाओरडा ऐकून गाडी तिथेच आडवी टाकली आणि बुटांसकट पाण्यात उतरले. आधी काठी पुढे केली. मुलीने काठी धरली, तिला ओढून फरशीच्या दगडाला लावलं. शेजारचा पोरगा बाभळीच्या फांदीत अडकला होता, त्याला मानेखाली हात घालून आणलं. मूर्तीसोबत गेलेला मुलगा मात्र दिसतच नव्हता. दादांनी बुडी मारली, रिकामे वर आले, पुन्हा बुडी मारली. वर आले तेव्हा पोराचा शर्ट त्यांनी दातात धरला होता, कारण उजवा हात चालत नव्हता. तळाशी कुठल्या तरी जुन्या मूर्तीच्या सांगाड्याची तार होती, तिने अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत तळवा फाडला होता. हे मी स्वतः पाहिलं आहे. मुलाच्या पोटातलं पाणी काढेपर्यंत ते त्याच हाताने त्याला दाबत होते.

तिन्ही पोरं आज शाळेत येतात. दादांचा अंगठा अजून पुरता मिटत नाही. बंदोबस्त नसतो तेव्हा ते रोजाने शेतात जातात, आणि कापूस वेचायला अंगठा नसला तर मजुराचं काय होतं हे खान्देशात कुणाला सांगायला नको. त्या दिवशी ते हजेरीला पोचले नाहीत म्हणून त्यांची गैरहजेरी लागली, भत्ताही बुडाला.

गावाने ग्रामसभेत शाल-श्रीफळ दिलं. ते चांगलंच झालं, पण मला तेवढ्यावर थांबायचं नाही. दरवर्षी 26 नोव्हेंबरला मी वर्गात तुकाराम ओंबळे यांच्याबद्दल सांगते. हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, आणि 2009 च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. यंदा सांगताना पोरं म्हणाली, ‘बाई, आपल्या दादांकडेपण काठीच होती.’ मला त्यांना उत्तर द्यायचं आहे.

तर, होमगार्डला कोणतं पदक मिळू शकतं? प्रस्ताव गावाने द्यायचा की खात्याने? आणि अंगावर गणवेश होता पण हजेरी लागली नव्हती, तर ते कामावर होते असं धरतील की नाही?


निवृत्त हवालदार, धुळे

ताई, नमस्कार. नोकरीतली बरीच वर्षं मी साहेबांचा रायटर होतो, पदकांचे प्रस्ताव माझ्याच हातून लिहून गेले. म्हणून अधिकाराने सांगतो.

तुमचा तिसरा प्रश्न खरा पहिला आहे. बाकी सगळं त्यावर ठरतं.

कामावर असताना केलेल्या शौर्यासाठी केंद्राची शौर्य पदकं आहेत. पोलिसांसाठीची पदकं 1951 साली सुरू झाली. पुढे अग्निशमन, होमगार्ड व नागरी संरक्षण, कारागृह यांची वेगवेगळी होत होत एकूण सोळा प्रकार झाले होते. ते सगळे एकत्र करून आता चारच ठेवलेत: राष्ट्रपती शौर्य पदक, शौर्य पदक, राष्ट्रपती विशिष्ट सेवा पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवा पदक. 2024 च्या प्रजासत्ताक दिनापासून याच नावांनी यादी येते. यातली पहिली दोन शौर्याची, नंतरची दोन दीर्घ आणि स्वच्छ सेवेची. यादी 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला निघते. म्हणजे तुमचे दादा होमगार्ड म्हणून शौर्य पदकाला पात्र आहेत, त्यात शंका नको. पण हा प्रस्ताव खात्यातूनच जातो. तालुका समादेशक, जिल्हा समादेशक, मग मुंबईचं मुख्यालय, राज्याचा गृह विभाग आणि शेवटी दिल्ली. गावाने दिलेला कागद त्यात फार तर सोबत लागतो.

दुसरा रस्ता आहे जीवन रक्षा पदकांचा. ही 1961 पासून आहेत. बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला, अपघातातल्या माणसाला वाचवणाऱ्या कुणालाही मिळतात. शेतकरी, विद्यार्थी, बाई, माणूस, कुणीही. पोलीस, लष्कर आणि अग्निशमनवाल्यांनाही मिळतात, पण अट अशी की ते काम कर्तव्यावर नसताना केलेलं पाहिजे.

आता दादांची गैरहजेरी पाहा. तुम्हाला ती अन्याय वाटते, मलाही वाचून वाईट वाटलं. पण कागद म्हणून ती फार मोलाची आहे. ज्या दुपारी ते नदीत होते, त्या दुपारी ते कर्तव्यावर नव्हते, हे खात्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. याहून पक्का पुरावा गाव देऊ शकत नाही. त्या हजेरीची नक्कल मागून घ्या.

जीवन रक्षा पदकाचे तीन दर्जे आहेत. बचाव करणाऱ्याच्या जिवाला अत्यंत मोठा धोका होता तिथे सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, मोठा धोका होता तिथे उत्तम जीवन रक्षा पदक, आणि बचाव करताना शरीराला गंभीर इजा झाली तिथे जीवन रक्षा पदक. रक्कम एकदाच मिळते, अनुक्रमे दोन लाख, दीड लाख आणि एक लाख. पदक आणि केंद्रीय गृहमंत्र्यांच्या सहीचं प्रमाणपत्र राज्य सरकारमार्फत हातात देतात. म्हणून दवाखान्याचा केसपेपर, टाक्यांची नोंद, अंगठा किती टक्के चालतो याचा डॉक्टरचा दाखला, हे सगळं सोबत हवं.

आता लिहायचं कसं ते ऐका, कारण निम्मे प्रस्ताव इथे पडतात. ‘स्वतःच्या जिवाची पर्वा न करता’ हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं. वरच्या टेबलावर बसलेला माणूस ते दिवसात पन्नास वेळा वाचतो. त्याला दुपारी किती वाजले होते ते सांगा. पाणी किती पुरुष होतं, धार कुठल्या बाजूला ओढत होती, काठापासून किती हातांवर पोरगं बुडालं, काठावर किती माणसं उभी होती आणि त्यातलं दुसरं कुणी का उतरलं नाही, ते सांगा. शर्ट दातात धरल्याचं तुम्ही इथे जसं लिहिलंय तसंच लिहा, एक शब्द वाढवू नका.

मी हे इतकं लांबवतोय त्याला कारण आहे. शौर्य पदकांच्या यादीत महाराष्ट्रातली बरीच नावं गडचिरोलीच्या जवानांची असतात, आणि ती त्यांची हक्काची आहेत, जंगलात त्यांनी जीव दिलेत. तिथे प्रत्येक चकमकीचा कागद त्याच दिवशी तयार होतो. नदीत, विहिरीत, जत्रेच्या चेंगराचेंगरीत साधा शिपाई किंवा होमगार्ड जे करतो त्याचा कागदच होत नाही. आमच्या धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. मे 2024 मध्ये अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्या पोरांना शोधायला ती गेली, भोवऱ्यात बोट उलटली आणि आमचे तीन जवान गेले. त्यांची अंत्ययात्रा मी पाहिली. पाण्यातलं काम गोळीबारापेक्षा हलकं आहे असं मला कुणी सांगू नये.


पलटण नायक, नंदुरबार जिल्हा

हवालदार काका, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. तरी एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे.

होमगार्ड दल 1946 साली मुंबईत उभं राहिलं, 6 डिसेंबरला आम्ही वर्धापनदिन करतो. तेव्हापासून आमचं एकच दुखणं आहे: काम असेल तेव्हा आम्ही वर्दीवाले, आणि काही झालं की साधे नागरिक. त्या माणसाच्या अंगावर खाकी होती, तो बंदोबस्ताच्या आदेशावरूनच घराबाहेर पडला होता. त्याला कर्तव्यावर धरलं पाहिजे, असं आपण म्हणायला हवं. कर्तव्यावर असताना जखमी झाला असं ठरलं तर उपचार आणि मदत मागायला दार उघडतं. शौर्य पदक मिळालं तर दरमहा भत्ता असतो, आणि त्याच्या पश्चात पत्नीला मिळतो. जीवन रक्षा पदकाची रक्कम एकदा आली की संपली. ज्याचा अंगठा गेलाय त्याच्या घराला दर महिन्याला येणारा पैसा जास्त कामाचा आहे.

ताई, तुम्ही तालुका समादेशकांना आधी भेटा. गैरहजेरी रद्द करून घ्या. आमच्या माणसाच्या नावापुढे तो शेरा राहायलाच नको.


अग्निशमनवाला, भुसावळ

दोघांचंही पटतंय, म्हणून मधेच लिहितो. आमच्याकडे 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन करतात. 1944 साली मुंबई गोदीत स्फोट झाला त्यात 66 अग्निशमन जवान गेले, त्यांच्या आठवणीत. त्या दिवशी बंबाला हार घालतो, दोन मिनिटं उभे राहतो. नव्या पदकांमध्ये आम्हीही पोलिसांच्या बरोबरीने आहोत, ही मोठी गोष्ट आहे. पूर्वी आमची यादी वेगळी असायची आणि पेपरात एका ओळीत यायची.

पण नगरपालिकेच्या अग्निशमन दलात कितीतरी पोरं ठेकेदारामार्फत असतात. जिनिंगला आग लागली की कापसाच्या गठाणींवर तीच चढतात, रात्र रात्र. कापूस वरून विझलेला दिसतो आणि आतून धुमसतो, पाय कधी आत जाईल सांगता येत नाही. त्यांचं नाव हजेरीपुस्तकात कुठे शोधायचं? म्हणून ताई, तुमच्या दादांचं काम तडीस न्या. एका होमगार्डचं झालं तर आमच्या पोरांसाठी आम्हाला बोट दाखवायला जागा होईल.

आणि एक. मुलाच्या पोटातलं पाणी काढलं, श्वास परत आणला, हे वेगळं लिहा. ओढून काढणं एक आणि त्यानंतर श्वास आणणं दुसरं. ते कुणी शिकवलं होतं, होमगार्डच्या शिबिरात शिकले का, तेही विचारा.


महसूल सहायक, जळगाव जिल्हा

जीवन रक्षा पदकाचा मार्ग मला माहीत आहे तो सांगतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. तिथून पोलिसांचा चौकशी अहवाल मागवतात, तहसीलदारांकडूनही मागवतात, मग शिफारशीसह राज्याकडे आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. केंद्राचं राष्ट्रीय पुरस्कारांचं पोर्टल आहे, त्यावरही नामांकन करता येतं आणि ते कुणीही नागरिक करू शकतो, शिक्षिकेने केलं तरी चालतं. पण फक्त ऑनलाइन भरून बसू नका. कागदी अर्ज देऊन आवक क्रमांक घ्याच.

ग्रामसभेत सत्कार झाला म्हणता, तर त्याचा ठराव झाला असेल. ठरावाची नक्कल ग्रामसेवकांकडून घ्या. पोलीस पाटलांनी त्या दिवशी ठाण्याला कळवलं असेल तर स्टेशन डायरीत नोंद असेल, तिचा क्रमांक मिळवा. तिन्ही मुलांच्या आईवडिलांचे जबाब वेगवेगळे हवेत. एकाच माणसाने लिहून तिघांचे अंगठे घेतले की चौकशीत लगेच कळतं. आणि हे यंदाच करा. वर्षं गेली की माणसं वेगळं वेगळं सांगायला लागतात.


पोलिसाची घरवाली, अमळनेर

ताई, माझ्या मिस्टरांना 1 मेच्या परेडला महासंचालकांचं सन्मानचिन्ह मिळालं. त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा पोलीस मुख्यालयात आल्या. नऊवारी नेसून, मांडीवर हात ठेवून सरळ बसल्या होत्या आणि नाव पुकारलं तेव्हा उभ्याच राहिल्या, कुणी सांगितलं नव्हतं. माझे मिस्टर रात्री दोनला घरी येतात, सणाला कधीच नसतात, पोरांच्या पालकसभेला मीच जाते. आमच्या घराने जे सोसलं ते कुणीतरी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, असं मला तेव्हा वाटलं. म्हणून पदकाला नुसती धातूची चकती म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

फक्त तुमच्या लिहिण्यात त्या दादांच्या बायकोचा उल्लेख नाही. तिला भेटलात का? चौकशी लागली की पोलीस घरी येतात, शेजारी विचारतात. तिला आधी सगळं सांगा. आणि दादांना स्वतःला काय हवंय तेही विचारा.


गिरणाकाठची बाई, भडगाव तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. अमळनेरच्या ताई, तुमचं वाचून त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी सगळं सांगितलं. दादांनी आधी हात झटकला. ‘पोरं वाचनात, हाई बस शे. पदकनं काय करू मी?’ वहिनींनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली आणि त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही करा. यांच्या हाताला मी रोज तेल लावते, मला माहीत आहे काय झालंय ते.’ दादा गप्प बसले. मग मी नंदुरबारच्या दादांनी लिहिलेलं सांगितलं, की कर्तव्यावर होते असं धरून घेतलं तर महिन्याचा भत्ता मिळू शकतो. त्यावर ते लगेच बोलले: ‘हजेरी लागनी नही, मंग लागनी कसं सांगू?’ त्यांना कुणावर दावा करायचा नाही, जे घडलं तेच लिहायचं आहे.

तेव्हा मी जीवन रक्षा पदकाचाच प्रस्ताव करते. भुसावळच्या दादांनी सांगितलेलं विचारलं, श्वास देणं ते होमगार्डच्या शिबिरातच शिकले होते. नंदुरबारच्या दादांचं मात्र मला सोडवत नाही. आमच्या होमगार्ड दादांना पदक मिळो न मिळो, हाताच्या उपचाराला मदत मिळाली पाहिजे. यात काही मधला मार्ग आहे का?


निवृत्त हवालदार, धुळे

आहे. गैरहजेरी रद्द करायला जाऊ नका, कारण ती खोटी नाही. पण त्या शेऱ्यासमोर कारण नोंदवून घ्या: ‘बंदोबस्तासाठी येत असताना वाटेत बुडणाऱ्या मुलांना वाचवताना जखमी, रुग्णालयात दाखल.’ एवढी ओळ समादेशक कार्यालय सहज लिहून देऊ शकतं. तिच्याने दोन गोष्टी होतात. माणूस कामचुकार नव्हता हे कायम कागदावर राहतं, आणि कर्तव्यावर जाताना झालेली इजा म्हणून मदतीचा वेगळा अर्ज करायला आधार मिळतो. तो अर्ज पदकाच्या प्रस्तावात मिसळू नका, दोन फायली वेगळ्या ठेवा. पलटण नायक साहेब, तुमच्या बाजूने मदतीच्या अर्जाचा नमुना असेल तर ताईंना द्या.


पलटण नायक, नंदुरबार जिल्हा

देतो काका. हे मलाही मान्य. ताई, आमच्या जुन्या प्रकरणातला नमुना आहे, नावं काढून इथेच टाकतो. साप्ताहिक कवायतीच्या दिवशी समादेशक कार्यालयात हमखास भेटतात, त्या दिवशी जा. सोबत दादांना न्या, आणि त्यांना गणवेशात न्या.


गिरणाकाठची बाई, भडगाव तालुका

चालेल. केसपेपर आणि ग्रामसभेचा ठराव हाती आलाय. मुलांच्या पालकांचे जबाब रविवारी घेते, तिघांचे तीन दिवसांत नाही तर एकाच दिवशी पण वेगवेगळ्या घरी बसून. पोलीस पाटलांनी डायरीचा क्रमांक काढून देतो म्हटलंय. अजून काही राहिलंय का?


निवृत्त हवालदार, धुळे

पाटबंधारे विभागाकडून त्या दिवशी गिरणा धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं होतं त्याचा आकडा लेखी घ्या. पालकांच्या जबाबात पाणी ‘खूप’ होतं असं येईल, आणि ‘खूप’ला दिल्लीत कुणी विचारत नाही. जबाब झाले की नावं झाकून इथे टाका, मी तपासून देतो.